एक रकाना पुरत नाही
उधारीची यादी अनेक रकान्यांवर क्रमाने लावण्याचा धडा

बिरसी (जि. गोंदिया) : कापडाच्या धंद्यात माल विकणे सोपे, पैसा हाती येणे अवघड, हे व्यापारी बांधवांना आम्ही नव्याने सांगण्याची गरज नाही. बाहेरच्या लोकांना बिरसीचे नाव विमानतळामुळे ठाऊक असते. पण येथील बाजार चालतो तो धानावर. धान निघाला, विकला गेला, की शेतकरी शिंप्याचे देणे देतो, शिंपी दुकानदाराचे देतो आणि दुकानदार ठोक व्यापाऱ्याचे देतो. त्यामुळे कापडाची उधारी महिनोन्‌महिने चालते आणि वही जाड होत जाते.

आता बहुतेक पेढ्यांवर ती वही संगणकात किंवा मोबाइलमध्ये गेली आहे. कोणी एक्सेलचा तक्ता ठेवतो, तर कोणी गावातल्या शिकलेल्या मुलाकडून वेबवर चालणारा हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम करून घेतो. तक्त्याच्या मथळ्यावर बोट ठेवले की तो रकाना क्रमाने लागतो. नावावर बोट ठेवले तर नावे लागतात, रकमेवर ठेवले तर रकमा लागतात. बहुतेक जण एवढ्यावरच थांबतात. पण वसुलीला निघायचे तर एका रकान्याचा क्रम पुरत नाही. अनेक रकान्यांचा क्रम म्हणजे काय, तो कसा लावावा आणि प्रोग्रॅम करणाऱ्याकडून काय करून घ्यावे, याचा हा धडा आहे.

ही गोष्ट नवी नाही

ज्यांनी मदरशात किंवा शाळेत उर्दूची लुगत चाळली आहे, त्यांनी अनेक रकान्यांचा क्रम पाहिलेलाच आहे. शब्द पहिल्या अक्षराने लागतात. पहिले अक्षर सारखे असेल तर दुसरे पाहतात, तेही सारखे असेल तर तिसरे. दुसऱ्या अक्षराला पहिल्याचा निकाल फिरवण्याचा अधिकार नसतो; पहिले बरोबरीत सुटले तरच त्याला विचारले जाते. सारा नियम एवढाच आहे.

टपालाचा पिनकोडही असाच चालतो. १९७२ साली सुरू झालेल्या या सहा आकड्यांत पहिला आकडा मोठा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय. गोंदियाचा ४४१६०१ घ्या. सुरुवातीचा ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून असलेल्या विभागाचा आहे. मोठ्यातून लहान, लहानातून आणखी लहान, असा हा उतार आहे.

जीएसटीचा पंधरा अक्षरांचा क्रमांकही पाहा. पहिले दोन आकडे राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. छत्तीसगड २२, मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७. खरेदीची यादी या क्रमांकाने लावली की राजनांदगाव, बालाघाट, सुरत आणि नागपूर यांची बिले आपोआप राज्यवार वेगळी होतात. परराज्यातील खरेदीवर एकात्मिक कर, तर राज्यातील खरेदीवर केंद्र आणि राज्य असे दोन कर लागतात. म्हणून ही विभागणी हिशेबनीसाच्या फार उपयोगाची आहे.

सहा खात्यांचे उदाहरण

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा पेढीची सहा खाती थकली आहेत. गाव, थकलेले दिवस आणि रक्कम असे तीन रकाने आहेत.

१) तिरोडा : ९५ दिवस : ८,४०० रुपये
२) बिरसी : ४० दिवस : ३,२०० रुपये
३) आमगाव : १२० दिवस : ५,६०० रुपये
४) बिरसी : ९५ दिवस : २,५०० रुपये
५) आमगाव : ४० दिवस : ९,००० रुपये
६) बिरसी : ९५ दिवस : १२,००० रुपये

वसुलीसाठी माणूस गाडीवर पाठवायचा आहे. तो गावागावाने फिरणार. म्हणून पहिला रकाना गाव, चढत्या क्रमाने. एका गावात शिरल्यावर आधी जुनी उधारी मागायची. म्हणून दुसरा रकाना दिवस, उतरत्या क्रमाने. दिवस सारखे असतील तर मोठी रक्कम आधी. म्हणून तिसरा रकाना रक्कम, उतरत्या क्रमाने. यादी अशी लागते : ३, ५, १, ६, ४, २. म्हणजे आमगावची दोन खाती, मग तिरोडा, मग बिरसीची तीन. बिरसीत ९५ दिवसांच्या दोन खात्यांपैकी बारा हजारांचे आधी आले.

आता माणूस पाठवायचा नाही, पेढीवर बसून फोन करायचे आहेत असे समजा. फोनला गावाचे अंतर नसते. येथे पहिला रकाना दिवस, दुसरा रक्कम, तिसरा गाव. मग क्रम होतो : ३, ६, १, ४, ५, २. खाती तीच, रकमा त्याच. काम बदलले म्हणून यादी बदलली. रकान्यांचा मान कामावरून ठरतो, हे यातून ध्यानात ठेवावे.

एक तिसरा प्रकार करून पाहा. पहिला रकाना रक्कम ठेवा. १२,०००, ९,०००, ८,४००, ५,६००, ३,२००, २,५०० असा क्रम लागला. आता दुसरा रकाना दिवस ठेवा की गाव, यादी तसूभर हलत नाही. का? कारण सहाही रकमा वेगळ्या आहेत, बरोबरी कोठेच नाही, म्हणून दुसऱ्या रकान्याला विचारण्याची पाळीच येत नाही. यावरून दुसरा नियम निघतो. ज्या रकान्यात तीच ती नावे पुन्हा पुन्हा येतात (राज्य, तालुका, गाव, मालाचा प्रकार) तो आधी ठेवावा. ज्यात प्रत्येक नोंद वेगळी असते (रक्कम, बिल क्रमांक) तो शेवटी ठेवावा. दिवसांचा आकडाही फार विखुरलेला असेल तर त्याचे गट पाडावेत : ३० पर्यंत, ३१ ते ६०, ६१ ते ९०, ९० च्या वर. गट पाडले की बरोबरी होते आणि पुढच्या रकान्याला काम मिळते.

येथे उर्दू माध्यमातून शिकलेल्या बांधवांसाठी एक सूचना. आमची नजर उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे 'पहिला रकाना' म्हटले की उजवीकडचा डोळ्यांपुढे येतो. मराठी तक्त्यात तो डावीकडे असतो. पण क्रम लावताना रकाना कागदावर कोठे आहे याला अर्थ नाही. पहिला म्हणजे ज्याचा शब्द आधी चालतो तो, मग तो तक्त्याच्या मधोमध का असेना.

चिठ्ठ्यांची जुनी युक्ती

संगणक नसेल तरी हे काम होते. प्रत्येक खात्याची एक चिठ्ठी करा. आधी सर्व चिठ्ठ्या रकमेने लावा : ६, ५, १, ३, २, ४. तोच गठ्ठा वरून एकेक उचलत दिवसांच्या ढिगांत टाका, पण दिवस सारखे असतील तेथे आधीचा क्रम मोडू नका : ३, ६, १, ४, ५, २. मग तसेच गावाने लावा : ३, ५, १, ६, ४, २. वर जी यादी आली तीच आली. म्हणजे सर्वांत कमी मानाच्या रकान्यापासून सुरुवात करायची आणि मुख्य रकाना शेवटी घ्यायचा.

पंचकार्डांच्या काळात जगभर हीच रीत होती. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांची पंचकार्डांची यंत्रे वापरली गेली. पुढे कार्डे छाटणारी यंत्रे आली. ती एका वेळी एकच रकाना पाहू शकत, म्हणून कारकून शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करून पहिल्यापर्यंत येत.

या युक्तीचा प्राण एकच : बरोबरीच्या चिठ्ठ्यांचा आधीचा क्रम मोडू नये. संगणकाच्या भाषेत याला 'स्थिर' क्रमवारी म्हणतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत ही हमी २०१९ च्या मानकापासून आली. त्याआधी क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये मोठ्या याद्यांतील बरोबरीच्या ओळी मागेपुढे होऊ शकत. आता हमी आहे, तरी चांगला कारागीर त्यावर विसंबत नाही. दोन ओळींची तुलना करतानाच तो तिन्ही रकाने एकामागून एक पाहतो : गाव वेगळे असेल तर तेथेच निकाल, सारखे असेल तर दिवस, तेही सारखे असतील तर रक्कम, आणि सर्वच सारखे असेल तर खाते क्रमांक. शेवटी खाते क्रमांक ठेवला की यादी प्रत्येक वेळी तशीच उघडते.

एक्सेलमध्ये कसे करावे

तक्त्यातील कोणत्याही एका घरात बसावे. डेटा या भागात सॉर्ट निवडावे. पहिली पातळी भरावी, मग ॲड लेव्हल दाबून दुसरी, मग तिसरी. जुन्या एक्सेलमध्ये तीनच पातळ्या होत्या. २००७ पासून चौसष्ट मिळतात. व्यापाऱ्याला चारहून अधिक क्वचितच लागतात. पहिल्या ओळीत मथळे असल्याची खूण केली आहे ना, हेही पाहावे. नाही तर मथळाच गिऱ्हाइकांत जाऊन बसतो.

एक इशारा मात्र मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. एकटाच रकाना निवडून क्रम लावू नये. तसे केल्यास तो रकाना हलतो, शेजारचे जागच्या जागी राहतात आणि एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर चढते. यंत्र विचारते की शेजारचे रकानेही घेऊ का. तेथे होय म्हणावे. कामाआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी.

क्रम कोठे फसतो

यंत्र आंधळे असते. त्याला जे दिले त्याचाच क्रम ते लावते. फसण्याच्या जागा अशा :

पहिली, आकडे. रक्कम अक्षरे म्हणून लिहिली असेल तर १ नंतर १०, मग १००, मग २ असा क्रम लागतो. कारण यंत्र लुगतीसारखे पहिले चिन्ह पाहते. रकमेच्या घरात 'रु.' किंवा 'फक्त' लिहू नये. देवनागरी आकडे बरेच प्रोग्रॅम अक्षरेच समजतात. साठवताना इंग्रजी आकडे ठेवावेत आणि पडद्यावर मराठी दाखवावेत.

दुसरी, तारखा. ०५/११/२०२५ ही तारीख अक्षरे म्हणून लावली तर दिवस आधी पाहिला जातो, आणि जानेवारीची पाच तारीख नोव्हेंबरच्या पाचाशेजारी बसते. साठवताना वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने ठेवावी : २०२५-११-०५. मोठ्यातून लहान, तोच पिनकोडचा उतार.

तिसरी, अक्षरे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. पण संगणकातील अक्षरांच्या नुसत्या क्रमांकात तो ल च्या लगेच मागे आहे. क्ष हे जोडाक्षर क मध्ये शिरते. म्हणून प्रोग्रॅम करणाऱ्याला सांगावे की क्रम मराठी भाषेच्या नियमाने लाव. ब्राउझरमध्ये ती सोय आहे.

चौथी, एकाच गावाची दोन रूपे. 'गोंदिया' आणि 'गोंदीया' ही यंत्राला दोन गावे आहेत. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही वेगळे गाव करते. गाव लिहू देऊ नये, यादीतून निवडायला लावावे. उलट, दोन ठिकाणांचे एकच नावही घोटाळा करते. आमच्या जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी असे दोन तालुके आहेत. वहीत नुसते 'अर्जुनी' लिहिले तर माणूस भलत्या रस्त्याला लागतो. गोरेगाव आमच्याकडे तालुका आहे आणि मुंबईत उपनगर. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या खात्यांवर 'जि. भंडारा' लिहिलेले सापडते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव असे तीन रकाने नीट भरले तरच क्रम खरा लागतो.

पाचवी, ज्याचा क्रम अक्षरांत नसतो असा माल. तयार कपड्यांचे एस, एम, एल, एक्सएल हे माप इंग्रजी अक्षरांनी लावले तर एल आधी येतो, मग एम, मग एस. महिने अक्षरांनी लावले तर जानेवारीच्या आधी ऑक्टोबर आणि एप्रिल येऊन बसतात. अशा प्रत्येक नावाशेजारी एक लपलेला क्रमांक ठेवावा आणि क्रम त्या क्रमांकाने लावावा.

सहावी, रिकामी घरे. ज्याची तारीख भरलीच नाही ते खाते कोठे जाईल? काही प्रोग्रॅम त्याला सर्वांत वर नेतात, काही तळाला. आमचे मत असे की रिकामी घरे क्रम चढता असो वा उतरता, नेहमी तळाला एकत्र ठेवावीत आणि वेगळ्या रंगात दाखवावीत, म्हणजे ती भरण्याची आठवण होते.

प्रोग्रॅम करणाऱ्याला काय सांगावे

वेबवरचा तक्ता करून घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी आधीच कबूल करून घ्याव्यात.

मथळ्यावर एकदा दाबले की चढता, पुन्हा दाबले की उतरता, तिसऱ्यांदा दाबले की क्रम निघून जावा. शिफ्टची कळ धरून दुसऱ्या मथळ्यावर दाबले की तो दुसरा रकाना व्हावा. मथळ्यावर बाणाबरोबर १, २, ३ असा आकडा दिसावा. नाही तर कोणाचा मान पहिला हे कळत नाही.

मोबाइलवर शिफ्टची कळ नसते आणि आपले निम्मे लोक मोबाइलवरच पाहतात. म्हणून 'क्रम लावा' असे वेगळे बटण असावे आणि त्यात रकाने एकाखाली एक निवडता यावेत.

यादी पानापानांनी दिसत असेल तर क्रम साऱ्या यादीचा लागला पाहिजे, डोळ्यांपुढच्या पन्नास ओळींचा नव्हे. नाही तर सर्वांत जुनी उधारी सातव्या पानावर लपून राहते आणि मालकाला वाटते, पहिल्या पानावर आहे तीच सर्वांत जुनी. खाती हजारोंनी असतील तर क्रम सर्व्हरवर, माहितीच्या कोठारातच लावावा आणि ज्या रकान्यांवर रोज क्रम लागतो त्यांची सूची तेथे करून ठेवावी.

सुरक्षेची गोष्टही विसरू नये. कोणत्या रकान्याने क्रम लावायचा हे ब्राउझरकडून आले तसेच्या तसे कोठारापुढे ठेवले तर वाईट हेतूचा माणूस रकान्याच्या नावाऐवजी हुकूम पाठवू शकतो. परवानगी दिलेल्या रकान्यांची यादी आधी ठरवून तेवढीच स्वीकारावी.

आणि लावलेला क्रम नाव देऊन जपून ठेवता यावा : 'वसुली फेरी', 'फोन यादी', 'देणी'. रोज सकाळी तीन मथळे पुन्हा दाबायला लागू नयेत.

पैशाचा प्रश्न

हे सारे कशासाठी? कारण काही मुदती कायद्याच्या आहेत आणि अक्षरांनी लावलेल्या यादीत त्या दिसत नाहीत.

विकलेल्या मालाची किंमत कोर्टात मागण्याची मुदत मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे आहे. उधारीचा काळ ठरला नसेल तर ती माल दिल्यापासून मोजतात, ठरला असेल तर तो काळ संपल्यापासून. मुदत संपण्यापूर्वी देणेदाराने सही करून देणे कबूल केले, किंवा काही रक्कम देऊन त्याची सही-नोंद केली, तर नवी मुदत सुरू होते. म्हणून 'दोन वर्षांवर' हा गट यादीच्या माथ्यावर असावा आणि त्यांच्याकडून आधी सही घ्यावी.

देण्याच्या बाजूला, जीएसटीत खरेदीच्या बिलाचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत चुकवले नाहीत तर घेतलेली कराची वजावट व्याजासह परत करावी लागते; पैसे दिल्यावर ती पुन्हा घेता येते. म्हणून देण्यांची यादी दिवस, मग कराची रक्कम अशी लावावी.

विणकर, रंगारी, शिवणकाम करणारे कारागीर यांनी उद्यम नोंदणी केली असेल आणि ते सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असतील, तर २००६ च्या कायद्याप्रमाणे त्यांचे पैसे ठरलेल्या दिवशी, पण ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. हा लाभ निव्वळ व्यापाऱ्याला नाही, कारागिराला आहे. कारागिरांनी आपल्या येण्याची यादी या दिवसांनी लावावी. व्यापाऱ्यांनी देण्यांत 'कारागीर' असा वेगळा रकाना करून तो सर्वांत पहिला ठेवावा. मेहनत करणाऱ्याची मजुरी वेळेवर देणे ही आपल्यावर कायद्याआधीची जबाबदारी आहे.

ईदचा हिशेब

शेवटी आपल्या धंद्याची खास गोष्ट. ईदचा हंगाम इंग्रजी तारखेवर थांबत नाही, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ ची रमजान ईद ११ एप्रिलला झाली आणि २०२५ ची ३१ मार्चला. म्हणजे २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात दोन ईदा पडल्या. ज्याने विक्री नुसती आर्थिक वर्षाने लावली त्याला ते वर्ष भरभराटीचे दिसेल, आणि त्या भरवशावर तो पुढच्या वर्षी जास्त माल भरील. तक्त्यात 'हंगाम' असा रकाना करावा, त्यात 'रमजान ईद १४४५', 'रमजान ईद १४४६' असे लिहावे. लग्नसराई आणि दिवाळी यांचेही तसेच. मग हंगाम, मालाचा प्रकार, रक्कम या क्रमाने लावून पाहावे. कोणता ताग्याचा माल खरोखर उठला आणि कोणता फळीवर राहिला, ते समोरासमोर दिसते.

सराव

या आठवड्यात वाचकांनी आपल्या उधारीतील वीस खाती घ्यावीत. तालुका, गाव, दिवसांचा गट, रक्कम आणि खाते क्रमांक असे रकाने पाडावेत. एकदा वसुली फेरीसाठी आणि एकदा फोनसाठी क्रम लावावा, आणि दोन्ही याद्यांतील पहिली पाच नावे शेजारी ठेवून पाहावीत. जी नावे दोन्हींत आली, त्यांच्याकडे उद्या सकाळी आधी जावे.